तर

नाशकात बंदर नाही, हे चौथीतलं पोरही सांगेल.
तरी पुंजाजी भोई विचारतो,
"बंदरावर उतरायचं, का लांबूनच बघायचं?"
आणि मी, जकात नाक्यावर एकतीस वर्षं काढलेला माणूस,
मुकाट्याने चपला हातात घेतो.

होडी पत्र्याची, तळाला डांबराची ठिगळं.
त्याची नात सुगंधा रंगाच्या रिकाम्या डब्याने
आत आलेलं पाणी बाहेर टाकते,
पाणी घाई न करता परत आत येतं.
दोघांचं जुनं भांडण असावं.

जलपर्णी बाजूला सरते, मागे पुन्हा मिटते,
चिरीमिरी घेतल्यावर
गेलेला ट्रक आम्हाला दिसायचाच नाही, तशी.
कादवा कुठे संपली, गोदा कुठे लागली,
मला काही कळत नाही.
पुंजाजीला कळतं. वल्हं जड झालं की गोदा.

मग तरवाडी.
पाण्यात बसलेल्या म्हशीची वर राहिलेली पाठ,
एवढंच बेट.
मे महिन्यात आठ पायऱ्या दिसतात म्हणे, पावसाळ्यात एकही नाही.
आज पाच.
तिसऱ्या पायरीत दगडी कडी,
दोर घासून घासून आतून पातळ झालेली,
म्हाताऱ्या बाईच्या जोडव्यासारखी.
"हितं नावा बांधायच्या."
"कुठून यायच्या?"
"वरून." जरा थांबून, "खालून बी."
इतिहास एवढाच. मला पुरला.

वर चौथरा, बिनछपराची एक खोली.
तिला एकच खिडकी, तीही कमरेएवढ्या उंचीवर.
ती मात्र मी कुणाला न विचारता ओळखली.
विल्होळी नाक्यावर आमची अशीच होती,
बाहेरच्याला वाकावंच लागेल इतकी खाली.

आत जाऊन बसलो.
दगड गार. कोनाड्यात बगळ्याची शीट
आणि कुणीतरी ठेवलेलं चार आण्याचं नाणं.
बाहेर नुसतं पाणी उभं होतं, रांगेत.
हात आपोआप पुढे गेला,
बिल्टी दाखवा.

नाक्यावरून पांडवलेणी रोज दिसायची.
चढलो एकदाच, निवृत्तीच्या वर्षी, जेवणाच्या सुट्टीत.
एक मास्तर पोरांना भिंतीवरचं सांगत होते,
कुणा राजाच्या जावयाने नद्यांवर नावा ठेवल्या.
फुकट.
कुणीही यावं, बसावं, पलीकडे उतरावं.
हे त्याने डोंगरात कोरून ठेवलं,
पुढे कुणी पैसे मागेल याची खात्री असल्यासारखं.
मी खाली आलो
आणि दिवे लागेपर्यंत एकशे सहा पावत्या फाडल्या.

"तरवाडी म्हणजे काय गं?"
"तर म्हंजी पल्याड नेणारी होडी. एवढं बी म्हाईत न्हाई?"
नव्हतं, बाई.
मला तर म्हणजे वाक्याचं ते टोक ठाऊक,
जिथे पोचून माणूस गप्प होतो.
सिन्नरचा तो टेम्पोवाला, लग्नाची भांडी घेऊन आलेला,
पहाटेचा मुहूर्त, खिशात बत्तीस रुपये कमी.
सात वाजेपर्यंत बसवून ठेवला होता मी त्याला.
वाकून वाकून बोलत होता खिडकीशी.
त्या रात्री सोडला असता
तर.

परतताना वारा समोरून.
काठ जवळ आल्यावर पाकीट काढलं.
"किती झाले?"
"जायचे शंभर."
"आणि यायचे?"
"यायचे न्हाई घेत आपण.
मानूस तिथं ठिवून थोडंच यायचं?"

मी हिशेब करत राहिलो, सवयीने.
सुगंधाने डबा माझ्यापुढे धरला.
"बसलाय कशाला? उपसा की."
पाणी घोट्याला लागलं होतं.
उपसू लागलो.